शनिवारचं पाणी

आक्का,

तुझ्या दहाव्याला मी आले होते. सगळ्यांच्या मागे, चपला काढून ठेवल्या होत्या तिथेच उन्हात बसले. शेजारच्या बाईनं पलीकडचीला विचारलं, "ह्या कोण गं?" ती म्हणाली, "आगं, त्या पाण्याच्या बाई. भागाक्काचा फोटू परदेशात नेलावता त्या." पहिलीनं माझ्याकडे जरा आदरानं बघितलं आणि सरकून सावलीत जागा करून दिली. मी ती घेतली.

धरणाच्या काठाला पिंड ठेवला होता. माणसाचं काही राहिलं असेल तर कावळा येत नाही, मग घरच्यांपैकी कुणीतरी उठून कबूल करावं लागतं, एवढं मलाही ठाऊक होतं. मी मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. तुझा मारुती उठायच्या आत, तुझी सून संगीता उठायच्या आत मीच उठणार होते. खरंच उठणार होते. पण गुरुजी दोन पावलं मागे सरकतायत तोच कावळा आला आणि भात उचलून गेलासुद्धा. लोक म्हणाले, "समाधानानं गेली भागाक्का." सगळे हात धुवायला पाण्याकडे निघाले. मीही निघाले. माझं वाक्य माझ्याजवळच राहिलं.

तू समाधानानं गेली नव्हतीस. त्या एवढ्या माणसांत हे फक्त मला माहीत होतं.

गेलीस त्याच्या आधीच्या बुधवारी तुझा फोन आला होता. संगीताला मी सांगितलं की वर्गात होते म्हणून घेता आला नाही. तुला खरं सांगते. वर्ग सुटून दहा मिनिटं झाली होती, मी कँटीनमध्ये एकटीच कॉफी घेत बसले होते. फोन टेबलावर थरथरत होता आणि पडद्यावर तुझं नाव होतं. मी तो पालथा घातला. शुक्रवारी तुझ्या छातीत दुखायला लागलं आणि पौडच्या दवाखान्यापर्यंतसुद्धा तू पोचली नाहीस. तुझं मरण माझ्यामुळे आलं असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं सोपं आहे आणि त्यात थोडं नाटकही आहे. माझा अपराध त्याहून लहान आहे, आणि तेवीस वर्षं जुना आहे.

तेवीस वर्षांपूर्वी मी तुमच्या वाडीत पहिल्यांदा चढून आले. माले गावच्या स्टॉपवर एस.टी.तून उतरून वर यायला सव्वा तास लागला होता, आणि तुझ्या अंगणात पोचल्यावर मला धड बोलताही येत नव्हतं. तू पाण्याचा तांब्या दिलास. मी तो गटागटा संपवला आणि वर अजून मागितलं. त्या तांब्याची तिथे काय किंमत होती हे कळायला मला पुढे तीन महिने लागले.

"कुणीकडनं आला म्हणायचं?"

मी सांगितलं, हॉलंडला शिकते. पाण्याचं व्यवस्थापन आणि आंतरराष्ट्रीय विकास. प्रबंधासाठी डोंगरातल्या झऱ्यांचा अभ्यास करायचाय. मग तो सगळा विषय मी तुला पाच मिनिटं समजावला. हातवारे करून.

तू शांतपणे ऐकून घेतलंस. "म्हंजी आमी जे डोक्यावरनं आणतो, ते तुमी वहीवरनं आणता."

"तसंच काहीसं."

"आन् त्येला इमानानं जावं लागतं?"

तुझ्या अंगणातल्या सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. त्याच दिवशी तू मला सांगितलंस, "मला आवो-जावो करू नगं. तलाठ्यागत वाटतंय." तेव्हापासून तू माझी आक्का झालीस.

माझं काम अगदी साधं होतं. तुमचा झरा खडकाच्या भेगेतून येतो, खालच्या कुंडीत उतरतो आणि कुंडीच्या तोंडाशी बसवलेल्या पन्हळीतून पडतो. त्या पन्हळीखाली दहा लिटरची बादली लावायची, गळ्यातलं सेकंद मोजायचं घड्याळ दाबायचं, बादली काठोकाठ भरली की पुन्हा दाबायचं. तीनदा मोजायचं आणि सरासरी काढायची. बाकीचे दिवस मी दुसऱ्या वाड्यांवर असायचे, तुमच्याकडे शनिवारी. मार्चमध्ये बादली पंचेचाळीस सेकंदांत भरली. मेमध्ये पन्नास. आजूबाजूचे झरे एकामागून एक आटत होते आणि तुमचा मात्र तसाच. हॉलंडमधल्या माझ्या मार्गदर्शक बाईंनी कळवलं, इतकी सुबक आकडेवारी फार क्वचित मिळते, जपून ठेव.

मेच्या मध्यावर माझं परतीचं तिकीट अलीकडे आलं. शेवटचा शनिवार मिळणार नव्हता. म्हणून मी न कळवता बुधवारी आले.

झऱ्यावर तिघीजणी होत्या. तू कुंडीत वाकून नरोटीनं पाणी खरवडत होतीस. पन्हळीतून सुतळीएवढी धार पडत होती, वारा आला की ती तुटायची. मला बघून तू उभी राहिलीस. घर आवरलेलं नसताना पाहुणे दारात उभे राहावेत तसा तुझा चेहरा झाला होता.

"आज कशाला आलीस गं?"

मी बादली लावली. चार मिनिटं दहा सेकंद.

मग तूच हसायला लागलीस, आणि तुझं बघून त्या दोघीही. "आता लपवून काय करायचं! आगं, पाव्हणं पोरगी बघाय येणार म्हणल्यावर शेणाच्या हातानं उभी करतो का आमी तिला? गुरुवारी सांजच्याला बोळा घालतो कुंडीला. चिखल आन् चिंध्या. शुक्रवारभर हितं कोण कळशी लावत न्हाई. शनवारी तू खालच्या वळणावर दिसलीस की बोळा काढतो."

"मग शुक्रवारी पाणी कुठलं?"

तू हनुवटीनं खाली दाखवलंस. खाली धरण पसरलेलं होतं, निळं आणि गच्च भरलेलं. उतरायला तास, भरल्या हंड्यानं चढायला दीड-दोन.

मी बारा शनिवार आले होते. म्हणजे बारा शुक्रवार अख्खी वाडी धरणावर उतरत होती. माझ्यासाठी. माझ्या सुबक आकडेवारीसाठी.

"पण का, आक्का?"

"जिचं पाणी बरं दिसंल तिलाच टाकी बांधून देत्यात. आटक्या झऱ्याला कोण विचारतंय?" तू हे अगदी सहज म्हणालीस. सरकारी कागदांत नेमकं याच्या उलट होतं. पाणी कमी असेल तरच तुमचा नंबर लागणार होता. पण हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तीन महिने येत होते, मीही नाही. मला विचारायचं होतं, सांगायचं नव्हतं. आमच्या विषयात त्याला पद्धत म्हणतात.

आणि त्या खडकावर बसून मी पहिलं वाक्य काय म्हणाले, आठवतं तुला? "माझं सगळं काम फुकट गेलं." तुमच्या शुक्रवारांबद्दल एक शब्द नाही.

मग त्या दोघी हंडे उचलून गेल्यावर मी तुला तो उलटा सरकारी नियम सांगितला. तुझं हसू गेलं. "चुकलं आमचं," तू म्हणालीस. "मंग आता? खोडशील न्हवं त्यो आकडा?"

"हो. खोडते."

"नक्की?"

"नक्की, आक्का."

तुझा लगेच विश्वास बसला. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की निघताना मी गळ्यातलं ते घड्याळच काढून तुला दिलं. ते कसं दाबायचं, काट्यांच्या जागी आकडे कसे पळतात ते शिकवलं. तुला अक्षर येत नव्हतं, आकडे येत होते.

मी आकडा खोडला नाही.

आता हे लिहिलंय तर पुढचंही लिहिते. खोडायचा तर पुन्हा एक अख्खा उन्हाळा मोजणी करावी लागली असती. शिष्यवृत्ती सप्टेंबरला संपत होती. त्या सपाट, थंड गावात, खिडकीखालून सायकली जात असताना, मी बारा शनिवार आलेखावर मांडले. काय देखणी रेघ आली होती! बुधवारचा आकडा मी एका चिठ्ठीवर लिहिला आणि पासपोर्टच्या कव्हरात खुपसून ठेवला. मी खोटं काहीच लिहिलेलं नाही, असं मी स्वतःला बजावलं. ते बारा आकडे मी माझ्या हातानं मोजले होते. पुढची कित्येक वर्षं हे वाक्य मला पुरलं.

प्रबंधात चाळिसाव्या पानावर तुझा फोटो आहे. बादली धरून तू हसतेयस, खाली सेकंद छापलेत. त्या प्रकरणाचं कौतुक झालं, गावाच्या सहभागातून केलेली मोजणी म्हणून. सहभाग तर तुम्ही घेतलाच होता, आक्का. माझ्यापेक्षा जास्त.

मी परत आले. प्रबंधाची प्रत पुण्यातल्या एका कार्यालयात दिली, कारण तसं करायचं असतं. कुणीतरी ती वाचली असावी, कारण पुढच्या यादीत तुमच्या वाडीसमोर लिहिलं गेलं: स्रोत बारमाही, पुरेसा. खालच्या दोन वाड्यांना नळ आले. तुमचा अर्ज परत आला. पुन्हा केलात, पुन्हा परत. वाडीतले लोक म्हणायचे आपला वशिला नाही, आपली मतं थोडी. मला कारण माहीत होतं. मला लवळ्याच्या विद्यापीठात नोकरी मिळाली होती आणि मी मुलांना पाणी कसं मोजावं ते शिकवत होते.

आणि मग तू लवळ्याला आलीस. मारुतीला जवळच्या जांबे गावात वॉचमनच्या कामासाठी कुणाला तरी भेटायचं होतं, जाताना त्यानं तुला टेकडीखाली सोडलं आणि माझ्या क्वार्टरपर्यंत तू चढून आलीस. करवंदांची पाटी घेऊन आली होतीस. खिडकीशी उभी राहून तू खालच्या हिरवळीवरचे फवारे बघत होतीस.

"हे कुणाचं पीक?"

"पीक नाही. लॉन आहे."

"गुरं चरत्यात?"

"नाही गं."

"मंग?"

"नुसतं बघायला."

"व्हय." तू मान हलवलीस. "आमचं शनवारचं पाणी बी बघायलाच हुतं."

मी करवंदं धुवायला घेतली. वळून बघते तर तुझ्या हातात प्रबंध होता. फडताळावर अगदी समोर ठेवलेला असायचा तो. तुझाच फोटो असलेलं पान तुला सापडलं होतं.

"ह्यात काय लिवलंय?"

"तुमच्या झऱ्याबद्दल."

"खरं?"

"हो."

तू फोटोखाली बोट ठेवलंस. तुला अक्षर येत नव्हतं. आकडे तिथे इंग्रजीत होते, पण तू ते ओळखलेस, कारण माझ्याच घड्याळानं ते तुला शिकवले होते. "पन्नास?" तू विचारलंस.

मी म्हणाले, "चहा टाकते."

स्वयंपाकघरात मी गॅससमोर उभी होते आणि वाट बघत होते. तू ओरडशील, निघून जाशील, निदान पुन्हा विचारशील. बाहेरून तुझा आवाज आला तो नेहमीसारखाच. "साखर जास्त टाक गं. ह्या टेकडीनं दमवलं." चहा घेऊन आले तेव्हा प्रबंध जागच्या जागी होता आणि तू मला विचारत होतीस की एवढ्या मोठ्या घरात मी एकटी झोपते तर भीती वाटत नाही का.

पुढच्या बुधवारी तुझा पहिला फोन आला.

"जेवलीस का?"

"हो. तू?"

"जेवले. आज तीन मिंटं पन्नास."

मला समजलं होतं, आक्का. नंतर कधी समजलं, तू गेल्यावर डोळे उघडले, असलं काही मी लिहिणार नाही. पहिल्याच बुधवारी समजलं होतं. तरी मी म्हणाले, "अरे वा, छान."

"छान न्हाई. उशीर हाय," तू म्हणालीस आणि फोन ठेवलास.

त्यानंतर अकरा वर्षं. झऱ्यावरच्या खडकापाशीच रेंज येते, म्हणून तू नेहमी तिथूनच बोलायचीस आणि तुझ्या मागे पाणी ऐकू यायचं. पावसाळ्यात धबधबा, मग धार, उन्हाळ्यात टिपटिप. जेवलीस का, आणि आकडा. बाकी फारसं काही नाही. मला आठवड्यात जेवल्याचं विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. बुधवारी सकाळपासून मी फोन जवळ ठेवायचे आणि वाजला की बऱ्याचदा उचलायचे नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्हींचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

आई गेली त्या आठवड्यात तुला कुणी कळवलं माहीत नाही. बुधवारी फोन आला. तू जेवलीस का विचारलं नाहीस, आकडाही सांगितला नाहीस. "बस अशीच," एवढंच म्हणालीस. मी अंधाऱ्या खोलीत कानाला फोन लावून बसले आणि पलीकडून नुसतं पाणी पडत राहिलं. किती वेळ, कुणास ठाऊक. आईचे दिवस संपेपर्यंत नातेवाईक येऊन गेले, सगळे चांगलं बोलले. पण मला आठवतं ते तेवढंच.

गेल्या वर्षी एकदाच तू विषय काढलास. तोही तुझ्या पद्धतीनं.

"बाई, तुज्या त्या बुकात नवं पान लावाय येतं का?"

मी वैतागले. "आक्का, ते असं नसतं. ते विद्यापीठाकडे जमा असतं. त्याची प्रक्रिया असते, कारणं द्यावी लागतात."

"आमच्या संगीचं नाव रेशन कार्डात घालाय दोन वर्सं लागली. पर लागलं."

"ते वेगळं."

"आसंल." मग बराच वेळ पाणी. "बघ मंग."

"बघते."

आपला हा वाद तिथेच राहिला. उत्तर द्यायची पाळी माझी होती.

दहाव्याचं जेवण झाल्यावर संगीतानं मला आत बोलावलं. दाराआडच्या खिळ्याला तुझं कॅलेंडर होतं, आणि त्याच्या खाली मागच्या वर्षीचं, त्याच्याखाली त्याच्या मागचं. तू एकही फेकलं नव्हतंस. एकावर एक अशी अकरा. मी पानं उलटत गेले. दर बुधवारच्या चौकोनात तुझे वाकडे आकडे. पेन्सिलीनं, कधी कोळशानं. तीन पन्नास. चार पाच. चार तीस. माझी आई गेली त्या आठवड्याचा बुधवार मी शोधला. त्या चौकोनात तीन वीस होतं. मोजलं होतंस. फक्त मला सांगितलं नव्हतंस.

शनिवारचे चौकोन सगळे रिकामे.

"आत्या म्हणायच्या, शनवारी मोजायचं न्हाई," संगीता म्हणाली. "शनवारचं पाणी खोटं असतंय. का म्हणायच्या, देव जाणे. मी कितींदा इचारलं, सांगितलंच न्हाई."

तू कुणालाच सांगितलं नव्हतंस. मारुतीला नाही, संगीताला नाही, शेजारच्या जनाबाईला नाही. अर्ज का परत येतात हे तुझ्याशिवाय वाडीत कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून मला अजून सावलीत जागा मिळत होती.

"बाई, येत्या शनवारी सायेब येणार हायेत पाहणीला. आत्यांनीच पुन्यांदा अर्ज दिलावता. तुमी असाल तर बरं हुईल. तुमचं ऐकत्याल."

मी गेले. इंजिनिअर तरुण होता, मला बघून लगबगीनं पुढे आला. माझाच विद्यार्थी निघाला. हातातल्या फायलीत माझ्या प्रबंधातल्या पानांच्या झेरॉक्स होत्या, तुझ्या फोटोसकट. झऱ्यावर बायका ठेवणीतली लुगडी-साड्या नेसून उभ्या होत्या, आणि पन्हळीतून जाड, चकचकीत धार पडत होती. एप्रिल संपत आला होता, आक्का. मी कुंडीकडे बघितलं. तोंडाशी ओला चिखल होता, आणि त्यात चिंधीचं एक टोक.

संगीता माझ्याजवळ येऊन पुटपुटली, "मी नगं म्हणत हुते. जनाबाईंनी ऐकलं न्हाई. म्हणाल्या, भागा गेली म्हणून तिच्या झऱ्यानं चारचौघांत मान खाली घालायची का?"

साहेबानं बादली लावली. अठ्ठेचाळीस सेकंद. त्याचा चेहरा उजळला. "मॅडम, कमाल आहे! तेवीस वर्षांत दोन सेकंदांचा फरक. आम्हाला तुम्ही वर्गात शिकवलेलं तसंच."

तो लिहायला लागला. मी गप्प राहिले असते तर पुन्हा सगळं नीट झालं असतं. पेन कागदावर चाललेलं मला दिसत होतं. मी म्हणाले, "लिहू नका. हे साचवलेलं पाणी आहे."

जनाबाईनं माझ्याकडे बघितलं. "बाई, पाव्हण्यानं दुसऱ्याच्या घरातली झाकणं उघडू नयेत."

"जनाबाई, तेव्हाही तुम्ही असंच साचवलं होतं. मला ते कळलं होतं. तरी मी पन्नासच लिहिलं. त्या पन्नासमुळे तुमचा अर्ज परत येतो. दर वेळेला."

"त्या टायमापास्नं?"

"हो."

"तुमच्यामुळं?"

"हो. आणि भागाक्काला हे माहीत होतं."

कुणी ओरडलं नाही. ओरडलं असतं तर बरं झालं असतं. साहेब झेरॉक्सकडे बघत उभा होता. मग एकीनं आपला हंडा पन्हळीखाली लावला, कारण साचलेलं वाया का घालवायचं. तिचा भरला, मग दुसरीचा, मग तिसरीचा. अर्ध्या तासानं धारेची सुतळी झाली. मग मी बादली लावली.

भरेपर्यंत आम्ही सगळे त्या बादलीकडे बघत उभे होतो. चार मिनिटं चाळीस सेकंद.

मी पासपोर्टच्या कव्हरातली ती जुनी चिठ्ठी साहेबाला दिली, आणि त्याच्याच कागदावर सगळं लिहून खाली सही केली. तसंच पत्र मी हॉलंडलाही पाठवलंय. तिथून अजून काही आलेलं नाही. माझ्या वर्गालाही सांगितलं. मुलं खाली मान घालून बसली, एक मुलगी वह्या आवरून निघून गेली. नळ येईल की नाही, मला माहीत नाही. साहेब म्हणाला, मॅडम, फाईल पुढे पाठवतो. त्यानं मला पहिल्यासारखं मॅडम म्हटलं नाही.

त्या शनिवारी खाली उतरताना माझ्याबरोबर कुणी आलं नाही. मालेच्या स्टॉपवर एस.टी.ची वाट बघत उभी होते तर वाडीतल्या दोघी बाजाराला निघालेल्या तिथे आल्या. शेडमध्ये सावली होती. त्या बाकावर बसल्या, मधोमध. मी उन्हातच उभी राहिले.

आज बुधवार. सकाळपासून फोन टेबलावर सुलटा ठेवला होता. तो वाजणार नव्हता, मला माहीत होतं. अकरा वर्षांत मी स्वतःहून तुला एकदाही लावला नव्हता. दुपारी लावला. तुझ्याच नंबरवर. बराच वेळ वाजला, मग संगीतानं घेतला.

"बोला." मला "बाई" म्हणाली नाही.

"संगीता, मी..." मग मी विचारलं, "जेवलीस का?"

मला वाटलं, तिनं फोन ठेवला.

"आज किती?" मी विचारलं.

पलीकडे पावलं वाजली, दगड घसरल्याचा आवाज आला. खडकावरून पन्हळीशी उतरत असावी. "थांबा," ती म्हणाली. "बादली लावते."

आणि मग रिकाम्या बादलीच्या बुडावर पाण्याचा पहिला थेंब वाजला. मी फोन कानाला धरून बसून राहिले, आक्का, भरेपर्यंत.